राहणार कोण, बोलणार कोण?

भाडेकरूच्या बापाशी एक शब्द बोलायचा नाही, हा आमच्या घरमालकिणीचा पहिला नियम. गच्चीवर सुकत घातलेल्या बोंबलांकडे बघून नाक मुरडायचं नाही, हा दुसरा. तिसरा नियम रोज बदलायचा आणि तो मोडल्यावरच आपल्याला कळायचा.

फिजिओथेरपीला नवी मुंबईत नेरूळच्या एका कॉलेजात माझा नंबर लागला होता. होस्टेल भरलेलं. आप्पा, म्हणजे माझे वडील, सांगलीकडच्या आमच्या गावाहून मला घेऊन आले होते आणि आम्ही दोघं शिरवण्यात खोली शोधत फिरत होतो. शिरवणे हे मूळचं गाव. चारी बाजूंनी शहर वाढलं आणि हे मधेच राहिलं. इमारतीला इमारत इतकी खेटलेली की या खिडकीतून त्या खिडकीत मिठाची वाटी द्यावी. बाईंची इमारत चार मजली. खाली मोबाइलचं दुकान, आणि जिन्याच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बाई स्वतः. त्यांना ओलांडल्याशिवाय माणूसच काय, मांजरही वर जात नसे.

"नमस्कार. मुलगी साधी आहे हो," आप्पा म्हणाले, "जरा लक्ष ठेवा."

बाईंनी आप्पांकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, "रानार कोन?"

"मी."

"मंग बोलनार कोन?"

मी आप्पांकडे बघायला लागले. "तिकडं काय बगतंस? त्याच्या कपालावर लिवलाय काय?"

आप्पांनी घसा साफ करून विचारलं, की पाणी कधी येतं. तर बाई मला म्हणाल्या, "सकालचा येतो पानी. सांग तुज्या बापाला." आप्पा हाताच्या अंतरावर उभे! मी खरंच वळून त्यांना सांगितलं, "आप्पा, पाणी सकाळी येतं." पाऊण तास हा तमाशा चालला. बाहेर पडल्यावर आप्पा म्हणाले, "बाई चक्रम आहे, पण कडक आहे. बरं झालं." कडक बायका आप्पांना फार आवडायच्या. फक्त त्यांनी आपल्या बाजूनं कडक असावं एवढीच अपेक्षा.

मी त्यांना पहिल्या दिवशी आजी म्हणाले. "आजी कोनाला बोलतंस? तुज्या आयला मी जलम दिलाय?" त्या दिवसापासून काकी. इथंही काकीच म्हणते. नाव सांगत नाही. त्यांना विचारल्याशिवाय नाव छापलं तर ऐंशीच्या घरातही त्या काठी घेऊन कामोठ्याला माझ्या दारापर्यंत येतील.

आता माझी त्या वेळची अवस्था सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या घरी पोरीला काही कमी नव्हतं, फक्त तिनं बोलायची वेळ कधी यायची नाही. शिंप्याला गळा किती ठेवायचा ते आई सांगायची. डॉक्टरला माझं कुठं दुखतं ते आप्पा सांगायचे, आणि मी बाकावर बसून मान हलवायची. याला आमच्याकडे लाड म्हणतात. मीही लाडच समजत होते.

पहिल्या महिन्यात मोरीतला नळ गळायला लागला. मी काय करावं? गावाला फोन लावला. आप्पांनी तिथून काकींना फोन लावला. काकींनी "कोन?" विचारलं, "बाप" हे उत्तर ऐकलं आणि फोन कट केला. मग गुडघे धरत, दर पायरीला कण्हत, तिसऱ्या मजल्यावर आल्या.

"नल हय गलतो का सांगलीला गलतो?"

"इथं."

"मंग सांगलीला कशाला सांगतंस? मी खाली मेली व्हती काय?"

एवढं बोलून नळ दुरुस्त करून देतील, तर तेही नाही. म्हणाल्या, नाक्यावर प्लंबर आहे, जा, घेऊन ये. मी गेले. प्लंबरनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि "मम्मी को भेजो" म्हणाला. मी परत. काकींनी मला पुन्हा पाठवलं. तो म्हणाला, उद्या. काकींनी पुन्हा पाठवलं. शेवटी रडकुंडीला येऊन मी त्याच्या दुकानात असा काही आवाज चढवला की शेजारचा पानवाला बाहेर आला. प्लंबर पिशवी उचलून मुकाट्यानं चालायला लागला. माझ्याकडे आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं. कौतुक? छे! काकी म्हणाल्या, "एवढी बोंबलतंस कशाला? साधा बोलली असतीस तरी आयला असता."

तेव्हा मला त्यांचा इतका राग यायचा, काय सांगू! कॉलेजात बाकीच्या मुलींच्या घरमालकिणी त्यांना डब्यात पुरणपोळी द्यायच्या. आमची ही बाई मला सिलिंडर लावायला शिकवताना पाठीत धपाटा घालत होती. बँकेत, दवाखान्यात, रिक्षा स्टँडवर, प्रत्येक ठिकाणी मला एकटीला ढकललं. उरणहून त्यांच्याकडे एक कोळीण मासे घेऊन यायची. मी मासे खात नाही म्हणाले तर म्हणाल्या, "खाऊ नको. पन भाव कर." तिच्याशी हुज्जत घालता घालता मी दुसऱ्या वर्षी मासे खायलाही लागले, ही गोष्ट गावी अजून कुणाला माहीत नाही. आता होईल. होऊ दे.

त्यांचे गुडघे हा माझा पहिला पेशंट. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबायची, दहा आकडे मोजायचे आणि सोडायचं, एवढा साधा व्यायाम. काकी दाबायच्या, पण आकड्यांच्या जागी रस्त्यानं जाणाऱ्या माणसांना शिव्या मोजायच्या. "गाडी काड तिकडून! बापाचा रस्ता हाय?" हे झालं चार. "काय गो, सासरशी भांडून आयलीस परत?" हे पाच. दहाव्या शिवीला पाय सैल. सहा महिन्यांत त्या न कण्हता जिना चढायला लागल्या आणि माझ्या खोलीची तपासणी वाढली.

पण काकींची खरी ओळख ही घरमालकीण नव्हे. काकी धवलारीण होत्या. आगरी लग्नात हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीला धवला म्हणजे लग्नगीत गाणारी बाई लागते, ती धवलारीण. पूर्वी तर म्हणे भटजीशिवाय तीच लग्न लावायची. आता हळदीला डीजे असतो, मटणाचे टोप असतात, आणि नाचणाऱ्या पोरांना धवला म्हणजे मधेच गाणं बंद करणारी म्हातारी वाटते. काकींना काही फरक पडत नसे. त्या मांडवात शिरायच्या, डीजेवाल्यासमोर जाऊन उभ्या राहायच्या आणि नुसतं बघत राहायच्या. तो बिचारा स्वतःच वायर काढायचा. मग त्या गायला लागायच्या. आवाज गोड नव्हता, घोगरा होता, पण सुरुवात झाली की डीजेवर नाचणारी पोरंसुद्धा हातातला ग्लास मागे लपवायची.

गाण्याआधी त्यांची एक पद्धत होती. ती दुसऱ्या कुठल्या धवलारणीची मी ऐकली नाही. नवरीच्या खोलीत जायचं. आई, मावश्या, करवल्या, मेकपवाली, सगळ्यांना बाहेर काढायचं. दार लावायचं आणि नवरीला विचारायचं, "तुला यो पायजे का? सांग मना. तू बोलल्याबिगर माजा तोंड उघडनार नाय." बहुतेक मुली लाजून हसायच्या आणि हो म्हणायच्या. हसणं चालत नसे. "हो" हा शब्द कानावर पडावा लागे.

मी यायच्या आधी एकदा एका घरात नवरी बोलली नाही. ना हो, ना नाही, नुसती खाली मान. काकी बाहेर आल्या, मांडवात खुर्ची ओढून बसल्या आणि पान जुळवायला लागल्या. मुलीचा काका आला, म्हणाला मुहूर्त चाललाय. काकी म्हणाल्या, "पोर नाय बोलली. मी कशी बोलू?" मग आरडाओरडा, हात उगारणं, अपशकुनी म्हणणं, सगळं झालं. काकी पान चघळत बसून राहिल्या. शेवटी त्या लोकांनी उरणकडून दुसरी धवलारीण गाडीनं आणली आणि लग्न लागलं. हो, लागलं! काकींनी ते थांबवलं बिंबवलं नाही. उलट त्यानंतर अर्ध्या गावानं त्यांना बोलवायचं बंद केलं.

मला वाटलं होतं, त्या मुलीची काकींना दया येत असेल. एकदा बाजारात ती समोर आली, कडेवर मूल, वाकून पाया पडली. काकी पुढे निघून गेल्या. मी म्हटलं, काकी, तिची काय चूक? घाबरली असेल. काकी भर बाजारात माझ्यावर ओरडल्या, "मी दार लावून उबी व्हती! एक शबुद पायजे व्हता मना. एक! तिच्यासाठी मी गावाशी वाकडा घेतला, न तिना तोंड उघडला नाय." इतक्या वर्षांनीही त्यांचा राग त्या काकावर नव्हता, त्या मुलीवर होता. मला ते अन्यायाचं वाटलं. आजही वाटतं.

अन्याय करण्यात त्या मागेपुढे बघायच्या नाहीत. सुनेला तर छळायच्या. सून बँकेत नोकरीला, संध्याकाळी दमून यायची आणि काकी कालवणात मीठ कमी म्हणून तिच्या सात पिढ्या काढायच्या. "इचारला व्हता ना तुला? तवा हो बोललीस. आता भोग." सूनही काही कमी नव्हती. ती म्हणायची, "हो म्हटलेलं तुमच्या पोराला. तुमाला नाय." यावर काकी खूश होऊन कालवण परत वाढून घ्यायच्या.

हे विचारण्याचं खूळ आलं कुठून, ते मी एकदा टॉवेल दाबायला लावताना विचारलं. त्या लगेच बोलल्या, काही आढेवेढे नाहीत. "माजा लगीन झाला तवा मना कोनी नाय इचारला. मंग सरकारान शहर करायला आमची भातशेती घेतली, तवा पन कोनी नाय इचारला. शेत माज्या सासऱ्याच्या नावावर, पन लावनी कोन करायचा? मी. दोनदा झाला. तिसऱ्यांदा कोनाचाच नाय होऊ देनार माज्या समोर." मग समोरून चुकीच्या बाजूनं आलेल्या टेम्पोवाल्याला आठवी शिवी मोजली.

माझी पाळी शेवटच्या वर्षी आली.

परीक्षा तोंडावर होती, त्यानंतर सहा महिन्यांची इंटर्नशिप. आणि मामांनी स्थळ आणलं. मुलगा पुण्यात आयटीत, माणसं चांगली, घाई त्यांना. लग्न लगेच हवं, शिक्षणाचं पुढे बघू, आणि नोकरीची तर तिला गरजच नाही, असा निरोप होता. फोनवर आई सांगायची, मी "हं" म्हणायची. प्लंबरवर ओरडणारी मी, वॉर्डात लकवा झालेल्या दांडग्या पैलवानाला उठवून चालवणारी मी, घरच्या फोनवर "हं"! माझ्या "हं"चा तिकडे होकार झाला आणि एका शनिवारी दुपारी आप्पा आणि मामा गाडी घेऊन दारात. उद्या सुपारी फोडायची, बॅग भर.

मी जिन्यातच उभी राहिले. मामा काकींच्या समोरच्या बाकावर टेकले. मोबाइलच्या दुकानवाल्यानं त्यांना कौतुकानं सांगितलं, की या काकी लग्नात गातात, धवलारीण आहेत. झालं! मामांना हुरूप आला. "अरे वा! म्हणजे तुम्ही लग्नकार्यातल्या बाई. मग तुम्हीच समजवा हिला. परीक्षा परीक्षा करतेय. हिच्यामागं धाकटी बहीण आहे, तिचंही बघायचंय आम्हाला."

बाई लग्नात गाते म्हणजे लग्नाच्या बाजूची असणार, ही मामांची समजूत. काकी उठल्या, माझं मनगट धरलं, मला आपल्या स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावलं. भाजी निवडणाऱ्या सुनेलाही बाहेर घालवलं.

मला वाटलं, सुटले. मी त्यांच्या गळ्यातच पडले. "काकी, तुम्ही सांगा ना त्यांना. तुम्हाला घाबरतील ते. म्हणा, की परीक्षा आहे, पाठवत नाही म्हणा..."

त्यांनी मला दूर केलं. "तुला यो पायजे का?"

"नको!"

"बरा. जा, सांग."

"मी नाही सांगू शकत, काकी. आप्पा आहेत ते. तुम्ही बोला."

"माज्या तोंडान मी गाते. नको बोलायचा तो ज्याच्या त्याच्या तोंडान. आज मी मोडला तुजा लगीन, उद्या त्ये दुसरा आनतील. तवा मी कुठं सांगलीला येऊ?"

मी रडायला लागले. त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी दिलं नाही. वर म्हणाल्या, "भायेर जाऊन गप बसलीस तं मीच तुजी बॅग गाडीत ठेवीन. रूम खाली कर. मुका भाडेकरू मना नको."

मुका! तीन वर्षं ज्या बाईचे गुडघे मी हातानं चोळले, ती मला घराबाहेर काढत होती. असा संताप आला! मी दार उघडलं ते आप्पांसाठी नाही, मामांसाठी नाही, या म्हातारीला दाखवायला उघडलं.

"आप्पा, मी येणार नाही."

मामा हसले. "आतून शिकवून पाठवलं वाटतं."

"मामा, तुम्ही मधे बोलू नका. मी आप्पांशी बोलतेय." हे वाक्य माझ्या तोंडून निघालं, यावर माझाच विश्वास बसेना. पण एकदा निघाल्यावर पुढचीही आली. "आप्पा, मी फोनवर हं म्हणत होते ते चुकून नव्हतं, ते खोटंच होतं. मला हे लग्न नको. मला परीक्षा द्यायचीय, इंटर्नशिप करायचीय, आणि मग मला काम करायचंय. लग्न करायचं की नाही ते मी सांगेन. तुम्ही चिडा, बोलू नका माझ्याशी, पण मी गाडीत बसणार नाही."

आप्पा माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, की जणू मी नव्हे, दुसरंच कुणी त्या स्वयंपाकघरातून बाहेर आलंय. मग म्हणाले, "माझं राहू दे. त्या लोकांना मी काय तोंड दाखवू? काय सांगू त्यांना?"

"नंबर द्या. मी सांगते."

"तू?"

"ज्यानं नाही म्हणायचं त्यानंच सांगायला पाहिजे ना? द्या नंबर."

मामा ताडकन उठून गाडीकडे गेले. आप्पांनी खिशातून फोन काढला. मला वाटलं, रागानं आपटतील. त्यांनी नंबर लावून माझ्या हातात दिला. पलीकडे मुलाचे वडील होते. मी माझं नाव सांगितलं. म्हटलं, काका, उद्या येऊ नका. तुमच्यात काही कमी नाही, मुलात काही दोष नाही, पण मला हे लग्न करायचं नाही. घरच्यांनी आधी सांगितलं नाही कारण मीच त्यांना सांगितलं नव्हतं. माझा आवाज स्वच्छ होता. ते गृहस्थ म्हणाले, "बरं झालं बाळ, आजच सांगितलंस." बास. एवढंच! ज्या गोष्टीला मी महिनाभर रात्रंदिवस भीत होते ती दोन मिनिटांत आटपली.

आप्पा पाणीही न घेता गेले. मी वळून बघितलं, आता तरी काकी पाठीवर हात ठेवतील. त्या स्वयंपाकघरात सुनेला भाजी जाड चिरली म्हणून झोडपत होत्या.

त्यानंतर आप्पांनी माझी फी थांबवली नाही, हे सांगायलाच हवं. बोलणं थांबवलं. दिवाळीला मी गावी गेले तर ते शेतावर जाऊन बसायचे. भावकीत अजून सांगतात, नवी मुंबईच्या कुठल्या म्हातारीनं पोरगी बिघडवली. बिघडवली तर बिघडवली! बिघडलेल्या पोरीकडे हेच लोक कंबर धरून येतात आणि ओळखीनं लवकर नंबर लावा म्हणतात. माझं कामोठ्यात क्लिनिक आहे. काकींना सांगायला गेले तेव्हा त्यांनी एकच चौकशी केली, "बोर्डावर नाव कोनाचा?" माझंच म्हटल्यावर "मंग ठीक" म्हणाल्या. आपण काही केलं हे त्या आजही कबूल करत नाहीत. त्यांच्या मुलांनी गुडघे बदलायचं ऑपरेशन ठरवलं, तारीखही घेतली. काकींनी हॉस्पिटलात जाऊन डॉक्टरला तोंडावर सांगितलं, "गुडगा माजा. मना इचारलास का?" आणि रिक्षा करून घरी आल्या. ऑपरेशन करायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. मी तसं त्यांना सांगितलंही. त्यांनी ऐकलं नाही. भांडलो आम्ही चांगल्याच.

मध्यंतरी एका सकाळी क्लिनिक उघडत होते आणि आप्पांचा फोन आला. स्वतःहून आलेला, त्या शनिवारनंतरचा पहिला. तब्येत, पाऊसपाणी, आईची शुगर, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, "धाकटीला स्थळ आलंय. मुलगा बरा वाटतो. मी अजून त्यांना शब्द दिला नाही."

"मग?"

"म्हटलं, तिच्या मनात काय आहे ते तू जरा फोन करून विचार तिला. तुझ्याशी बोलेल ती."

मोह झाला. मोठी बहीण आहे मी, दोन मिनिटांचं काम होतं. पण मी म्हटलं, "नाही आप्पा. मी नाही विचारणार. तुमची मुलगी आहे, तुम्ही विचारा. आणि ती जे बोलेल ते तिच्या तोंडून ऐका."

  पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि फोन तसाच हातात धरून आप्पांनी धाकटीला हाक मारली.